नोएलीनचा खडा आणि नवा डिटेक्टर

आमच्या टॅलिस फ्लॅट गावात एखाद्याने सोनं शोधायचा नवा डिटेक्टर घेतला, की काही काळ त्याच्याकडे आजारी माणसासारखं पाहिलं जातं. लोक हळू आवाजात चौकशी करतात, पथ्यपाणी सांगतात, आणि गुण कधी येईल हे मात्र कुणी सांगत नाही. यात चेष्टा नाही. नवं मशीन अंगवळणी पडेपर्यंत माणूस कसल्याही कामाचा राहत नाही, हे आमच्या सुवर्णशोधक मंडळाचं अधिकृत मत आहे, आणि मंडळाचा उपाध्यक्ष या नात्याने ते मी जबाबदारीने मांडतो आहे.

मंडळाचा नियम असा, की कोणत्याही नव्या डिटेक्टरला शंभर तास द्यावेत. तेवढ्यात सोनं सापडलं नाही तर दोष मशीनचा आवाज ऐकणाऱ्या कानाचा. त्यानंतरही सापडलं नाही तर तास मनापासून दिले नाहीत. मशीनमध्येच दोष असू शकतो, अशी तिसरी शक्यता एका वार्षिक सभेत कुणीतरी मांडली होती. पण सभेतल्या प्रत्येकाने तोवर एका बऱ्यापैकी जुन्या मोटारीच्या किमतीचं मशीन घेतलेलं असल्यामुळे ती एकमताने फेटाळण्यात आली.

डेस ट्रेलोअर हा आमचा साधासुधा सभासद. कितीतरी वर्षं तो एकच जुना डिटेक्टर वापरत होता. त्याची मूठ चिकटपट्टीने बांधलेली, आणि जमिनीवर फिरवायची खालची गोल थाळी एका बाजूने फुटलेली. नोएलीनशी लग्न ठरलं त्या आठवड्यात याच मशीनने त्याला वाटाण्याहून थोडा मोठा, उंदराने बिस्कीट कुरतडावं तसा दिसणारा सोन्याचा खडा मिळवून दिला होता. डेसने त्याला भोक पाडून साखळीत ओवला आणि तिच्या गळ्यात घातला. तो तिने अंघोळीलाही कधी काढला नाही. एवढं चांगलं चाललेलं असताना जुनं मशीन बदलायचं कारण काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. कारण मंडळाच्या सहलींना डेसचं मशीन पिकअपमधून बाहेर निघालं, की बाकीचे आपापल्या नव्या मशीनच्या आड तोंड लपवून हसत. शेवटी त्याने ते दुकानात देऊन टाकलं आणि वर भर घालून सगळ्यांच्याकडे आहे तसलंच घेतलं.

नव्या मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की ओळखीचा सोन्याचा तुकडा जमिनीत पुरावा, त्यावरून थाळी फिरवावी आणि त्याचा आवाज कानात बसवावा. डेस सल्ला घ्यायला आमचे अध्यक्ष मर्व्ह पॅस्को यांच्याकडे गेला. मी तिथेच बसलो होतो.

"अंगणात पुरू का रे, मर्व्ह?"

"अंगणात?" मर्व्हने बिअरचा ग्लास खाली ठेवला. "अंगणात नळ, पत्रे, तुझ्या कोंबड्यांची जाळी. तिथे काय डोंबल शिकणार तू? खऱ्या जमिनीत पूर. ओढ्यापलीकडच्या रानात जा."

"आणि खूण म्हणून एखादी काठी रोवतो."

"काठी रोवतोय म्हणे! अरे, काठी दिसली की डोळा कानाला चुगली करतो. परीक्षा प्रामाणिक झाली पाहिजे. पुरायचं, डोळे मिटून चार गिरक्या घ्यायच्या, गाडीपाशी जाऊन चहा प्यायचा, जागा डोक्यातून पार पुसून टाकायची आणि मग मशीन लावायचं. मी तसंच शिकलो."

मर्व्ह कसं शिकला हे मला ठाऊक आहे, पण उपाध्यक्षाने काही गोष्टी बोलायच्या नसतात.

आता डेसकडे सोन्याचा ओळखीचा तुकडा एकच होता. दोन शनिवारांनी त्यांच्या मुलीचं, केलीनचं, लग्न होतं. त्या दिवशी नोएलीन खडा शेवटचा घालणार आणि समारंभातच आपल्या हाताने लेकीच्या गळ्यात बांधणार, हे केव्हाचं ठरलेलं. डेस तिला म्हणाला, "साखळीची कडी ढिली झालीय गं. सोनाराकडे टाकून येतो."

"लग्नाआधी आण म्हणजे झालं," नोएलीन म्हणाली, आणि तिने तो काढून दिला.

डेसने रानात जाऊन खडा कोपरभर खोल पुरला. इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खोदपरवान्यातली अट आहे, की प्रत्येक खड्डा बुजवावा. सरकारला ती जमिनीच्या काळजीपोटी घालावी लागली. आम्ही ती वेगळ्या काळजीपोटी पाळतो. ताजा खड्डा दिसला की मागून येणाऱ्याला कळतं, इथे काहीतरी लागलंय. त्यामुळे आमच्या गावचा माणूस खड्डा बुजवतो तो असा, की माती दाबून, वर खडी भुरभुरवून, निलगिरीची पानं मुळात पडली होती तशी उलटसुलट टाकून तो उठतो तेव्हा मुंग्यासुद्धा जुन्या वाटेने जाऊ लागतात. डेसचा या कामात हातखंडा होता. त्याने सवयीने खड्डा बुजवला, गिरक्या घेतल्या, चहा प्यायला, परत आला. आणि समोर नुसतं रान होतं.

मग त्याने मशीन लावलं. मशीन वाजलं. ते सगळीकडेच वाजलं. दीडशे वर्षांपूर्वी तिथे हजारो खाणकरी राहून गेले. त्यांनी सोनं नेलं आणि बुटांचे खिळे ठेवले. डेसने संध्याकाळपर्यंत खिळे काढले, शिशाच्या गोळ्या काढल्या, सार्डिनच्या डब्याची झाकणं काढली, आणि प्रत्येक खड्डा इतका सुरेख बुजवला, की कुठे खोदून झालं आणि कुठे व्हायचं आहे हेही त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मंडळाने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. मर्व्ह म्हणाला, तीव्रता वाढव. मी म्हणालो, कमी कर. मर्व्ह म्हणाला, फोन घरी ठेव. तो ठेवला. बुटांच्या टाचेत लोखंड असेल, असं मी म्हणालो, म्हणून बूट काढले. पट्ट्याचं बक्कल नडतंय, म्हणून पट्टा काढला. त्यानंतर एका हाताने पँट धरून आणि दुसऱ्या हाताने मशीन फिरवत डेस मोज्यांवर काट्यांतून चालला. तरीही उपयोग होईना, तेव्हा मर्व्हने बराच वेळ विचार केला.

"तुझा गुडघा बदललाय ना रे, डेस?"

"हो, मागच्या हिवाळ्यात."

"आत काय घातलंय?"

"धातूच आहे काहीतरी."

"मग हे तू आधी का नाही सांगितलंस, गड्या? आमचा उगाच वेळ घेतलास."

डेस रोज पहाटे रानात जाऊ लागला. रोज त्याच जागी. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही रे. नुसते खिळे."

इथे प्रकरणाला गंभीर वळण लागलं. आमच्या गावात सोनं सापडलेला माणूस "नुसते खिळे" असंच म्हणतो. न सापडलेलाही तेच म्हणतो. पण तो ते पबमध्ये, मोठ्याने, मशीनवाल्याच्या आईबापाचा उद्धार करून म्हणतो. डेस हळू म्हणत होता. एकदा तर म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावरून सोनं बरंच मोठं असावं, असा निष्कर्ष मंडळाने काढला.

तातडीची सभा झाली. सभासद बंधू नव्या मशीनशी एकट्याने झुंजत असताना आपण स्वस्थ बसणं बरं दिसत नाही, अशी भावना सर्वांनी व्यक्त केली आणि 'सहकार्य शिबिर' भरवण्याचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ओढ्यापलीकडे पिकअपची रांग लागली. अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी बायकांनी पावात सॉसेज विकायला घेतले. जिकडे पाहावं तिकडे हेडफोन लावलेली, खाली मान घातलेली माणसं, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. डेस मात्र एकेकासमोर हात जोडल्यासारखा फिरत होता.

"अरे, इथे काही नाहीये. शप्पथ सांगतो, मर्व्ह. लेस, तू उपाध्यक्ष ना, तू तरी ऐक. काही नाहीये इथे."

"माहितेय रे," मर्व्ह प्रेमाने म्हणाला, "तू आराम कर. आम्ही आहोत ना!"

संध्याकाळी ज्याला विचारावं तो म्हणाला, नुसते खिळे. आणि केवळ खिळ्यांसाठी माणसं दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठून आली.

एवढी गर्दी झाल्यावर सरकार येणारच. जमीन आणि वारसा यांची देखभाल करणाऱ्या कार्यालयाच्या मिस ग्वेन ऑकली नारिंगी बंडी घालून आल्या. त्यांनी खिळ्यांचा ढीग पाहिला आणि अत्यंत गंभीर झाल्या. एके ठिकाणी इतके जुने खिळे म्हणजे हा ऐतिहासिक ठेवा आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि दुपारपर्यंत रानाला कुंपण पडलं. खिळे जिथून काढले तिथे परत पुरण्याचा आदेश निघाला. आम्ही खड्डे इतके उत्तम बुजवले होते, की तो पाळणं कुणालाच शक्य झालं नाही.

लग्न तोंडावर आलं होतं. डेस मिस ऑकलींच्या गाडीपाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाई, माझा एक खडा आहे आत. मीच पुरलाय. तेवढा काढू द्या."

"तुम्ही पुरलाय?" मिस ऑकलींनी चष्मा लावला. "म्हणजे सरकारी जमिनीत विनापरवाना धातू टाकलात? त्याला दंड आहे, मिस्टर ट्रेलोअर."

"मग समजा, नाही पुरला."

"नाही पुरला, तर तो मुळातलाच तिथला. मग तो वारसा. त्याला हात लावता येणार नाही. दोन्हींपैकी काय लिहू?"

"बायकोचा आहे हो तो!"

"तसा रकाना नाहीये," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा खरोखर वाईट वाटल्यासारखा झाला, हे मी कबूल केलंच पाहिजे. मग त्यांनी वाट काढली. आत सोनं आहे असं कार्यालयाच्या तज्ज्ञाने आपल्या यंत्राने ताडून पाहिलं, तर विशेष बाब म्हणून विचार करता येईल. तज्ज्ञ आला. त्याचं मशीन नवंकोरं होतं, डेसच्याच जातीचं. त्याने आतल्या रानात दिवसभर फेऱ्या मारल्या आणि कळवलं, की यंत्राची सवय होण्यासाठी शंभर तासांचा अवधी मिळावा.

शुक्रवारी डेसने नोएलीनला सगळं सांगितलं. हे मला पुढे नोएलीननेच सांगितलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो माणूस लहान मुलासारखा रडला. ती लग्नासाठी पाव्हलोव्हा केक करत होती. तिने अंड्याचं पांढरं फेटायचं थांबवलं नाही.

"मला खड्याचं तेवढं नाही, डेस," ती म्हणाली. "सोनार म्हणालास, त्याचं लागलं."

"चुकलो गं."

"चुकलासच. आता मला सांग, त्या मशीनला तू तास किती दिलेस?"

"शंभराच्या वर गेले असतील."

"मग काही कळायला लागलं त्यातलं?"

डेसने नाक पुसलं. "कळतं ना. बुटाचा खिळा तुटक वाजतो. शिसं गुळगुळीत वाजतं. बाटलीचं झाकण, काडतूस, पितळी बटण, किल्ली, सगळं डोळे मिटून सांगेन. फक्त सोनंच तेवढं एकदाही ऐकलं नाही."

"म्हणजे ह्यातलं काहीच नसलेलं वाजलं, तर तुला कळेल."

डेस स्टुलावर ताठ बसला.

"तो खडा जमिनीत नाहीये, डेस," नोएलीन म्हणाली. "एवढ्या माणसांनी ते रान चाळून काढलं. तो केव्हाच उठून गावात आलाय. आणि इथला माणूस सापडलेलं सोनं घरी ठेवत नाही, खिशातच बाळगतो."

लग्न झकास झालं. गावच्या हॉलमध्ये दुपारचं जेवण होतं. सगळं मंडळ आलं होतं, मिस ऑकली आणि त्यांचा तज्ज्ञही आले होते. मेलबर्नचा नवरामुलगा सगळ्यांशी मोकळेपणाने हसत होता, कारण तो आम्हाला ओळखत नव्हता. नोएलीनचा गळा मोकळाच होता. त्याकडे कुणीही पाहिलं नाही. इतक्या लोकांनी इतक्या काटेकोरपणे एका ठिकाणी न पाहणं मी आजवर अनुभवलं नव्हतं.

भाषणं संपली तेव्हा नोएलीन उठली.

"आल्याबद्दल सगळ्यांचे आभार. निघताना पुढच्या दाराने जा हं. निरोप द्यायला डेस तिथे उभा आहे. नवं मशीन घेऊन."

हॉलमध्ये चमचे वाजायचे थांबले. पुढच्या दारात डेस सुटाबुटात, हेडफोन लावून, हातात डिटेक्टर धरून उभा होता.

मर्व्ह घसा साफ करत उठला. "नोएलीन, मंडळाच्या वतीने आम्हाला कौतुकच आहे. पण लग्नकार्यात हे बरं दिसत नाही. आणि नव्या मशीनचा काय भरवसा..."

"भरवसा नाही? मशीन चुकतं का, मर्व्ह?"

मर्व्हने आमच्याकडे पाहिलं. मंडळाचा ठराव मंडळासमोर कसा मोडणार?

"मशीन चुकत नाही," तो बारीक आवाजात म्हणाला. "कान चुकतो."

"कानाचेही शंभर तास झालेत. तूच सांगितलेस."

नवरामुलग्याला वाटलं, ही इथली पद्धतच असावी. तो हसत पुढे झाला. डेसने थाळी त्याच्या कोटावरून फिरवली आणि डोळे मिटले. "किल्ली. बिअरच्या बाटलीचं झाकण. आतल्या खिशात काहीतरी पितळी."

मुलाने खिसे उलटे केले. किल्ली, झाकण, आणि त्याच्या आजोबांचं पितळी बटण. टाळ्या वाजायला हव्या होत्या.

त्याऐवजी सगळ्यांना एकदम आठवलं, की आपल्या गाड्या मागे लावल्या आहेत. हॉलचं मागचं दार स्वयंपाकघरातून जातं. ते इतकं अरुंद आहे, की चहाचं मोठं भांडं आडवं करून काढावं लागतं. त्या दारातून त्या दिवशी अख्खं मंडळ गेलं. दाराशेजारच्या ओट्यावर नोएलीनने आधीच एक रिकामी बशी मांडून ठेवली होती. रांग त्या बशीजवळून पुढे सरकत होती, आणि प्रत्येकजण तिथे आला की छताची बांधणी न्याहाळत होता. मिस ऑकलींनी स्वयंपाकघराची पाहणी करणं आवश्यक असल्याचं सांगितलं आणि त्यांचा तज्ज्ञ त्यांच्या मागोमाग गेला. माझी गाडी पुढे लावलेली होती. पण जेवणानंतर चार पावलं चालणं प्रकृतीला चांगलं, म्हणून मीही मागूनच गेलो.

हॉल रिकामा झाल्यावर नोएलीन बशी घेऊन आली. तिच्यात कुरतडल्यासारखा, भोक पाडलेला खडा होता. डेसने तो जमिनीवर ठेवला आणि त्यावरून थाळी फिरवली.

"असा वाजतो होय," तो म्हणाला, आणि सुटासकट खाली बसला.

नोएलीनने खडा धुतला, केलीनच्या गळ्यात बांधला आणि तिला घट्ट धरून ती पहिल्यांदा रडली. हेही तिनेच सांगितलं. आम्ही तेव्हा गाड्या काढण्यात गुंतलो होतो.

पण बशीत तो एकटा नव्हता. आणखी बरेच खडे होते, लहानमोठे, ओढ्यापलीकडची लाल माती अजून अंगावर असलेले. ज्या रानात नुसते खिळे होते त्या रानातले. नोएलीनने हॉलच्या दारावर चिठ्ठी लावली: ज्याचे त्याने ओळख पटवून न्यावेत, पुढच्या दाराने यावं. अजून कुणी आलेलं नाही. शेवटी तिने सगळे एका साखळीत ओवले, आणि दर रविवारी ती ते घालून चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसते.

परवा मर्व्हला राहवलं नाही. "छान दिसतायत हं, नोएलीन," तो म्हणाला.

"कसले रे," नोएलीन म्हणाली, "नुसते खिळे."

डावीकडून तिसरा फारच देखणा आहे. हे मी केवळ बघणारा म्हणून सांगतो.

तुम्ही हसताय, ते ठीक आहे. तुमचे खिसे अर्थातच रिकामे असतील. तरी कधी आमच्या हॉलमध्ये जेवायला आलात आणि पुढच्या दारात डेस दिसला, तर खुशाल पुढूनच जा. पण ऐनवेळी गाडी मागे लावल्याचं आठवलं, तर रांगेत जरा सरकून घ्या. मी तिथे असेनच.